त्या दिवशी नाला स्वच्छ का वाहिला

दामोदर,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो की शेवटी टाळण्याचंही काही वाटेनासं झालं. तू समोर असायचास तेव्हा तुझ्या जिभेच्या भीतीनं टाळलं. तू अंथरुणाला खिळलास तेव्हा तुझ्या दुखण्याचं निमित्त केलं. पंधरवड्यापूर्वी तू गेल्याचा निरोप आला, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते तुला सांगतो. सुटलो, असं आलं. रडू नंतर आलं.

ते सुटणं तुझ्या शोकसभेपर्यंत टिकलं.

तुला ती सभा सहन झाली नसती. हार घातलेल्या फोटोत तू हसत होतास. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केला असणार. एकानं तुला ऋषितुल्य म्हटलं, दुसऱ्यानं मृदुभाषी. तुझ्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला कुणी विचारायला हवं होतं. तू खडूस होतास. स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की तुझा घसा बसायचा. माझ्या घरी आलास की अर्धा कप चहा तसाच ठेवून उठायचास, जणू तो देऊन माझ्या बायकोनं गुन्हाच केलाय. असा माणूस तीस वर्षं माझा मित्र होता, हे मी तिथं उठून सांगायला हवं होतं. पण मी पुढच्या रांगेत, म्हाताऱ्यांसाठी मांडलेल्या खुर्चीत, हात बांधून बसून राहिलो.

मग एका नव्या संस्थेचा तरुण कार्यकर्ता बोलायला उठला. या संस्था आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांना कार्यालयं आहेत, छापील पत्रकं आहेत, त्यांची माणसं कायद्याची कलमं तोंडपाठ म्हणतात. त्यांच्यात दोष देण्यासारखं फार काही नाही, तरी मला त्या आवडत नाहीत. तो म्हणाला की कन्हानच्या पाण्याचा खटला सरांनी जिंकल्यात जमा होता, पण एका मच्छीमारानं फितुरी केली आणि कारखाना सावध झाला. सभागृहात हळहळ झाली. शेजारच्यानं मला कोपर लावून विचारलं, वकीलसाहेब, तुम्ही होता ना तेव्हा?

मी मान हलवली, दामोदर. या वयातही हलवली. म्हणून हे लिहितो आहे.

तुझी-माझी पहिली भेट भांडणानंच झाली होती. साठ-एकसष्ट साल असेल. तू नुकताच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला होतास आणि माझी वकिली गांधीबागेतल्या वडिलांच्या कापड दुकानाच्या माडीवर चालायची. तू जिना चढून आलास, पिशवीतून काचेची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवलीस. आत लालसर पाणी होतं. ते तुमच्या वस्तीतल्या विहिरीचं. वस्तीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांचं काम चालायचं आणि तिथं रंगवलेली लुगडी आमच्यासारख्या दुकानांत यायची. तू बसलाही नाहीस.

"तुह्या बापानं लुगडं विकलं, त्याचा रंग आमच्या विहिरीत उतरला. आता सांग, कोणाची केस कोणावर टाकू?"

मी चिडलो. तुझी वस्ती, तुमची दीक्षा, तुझा तो ताठ मणका, सगळ्याचाच मला तेव्हा राग आला, हेही आज लपवत नाही. पण केस घेतली. त्या काळी पाण्यासाठी वेगळा कायदा आपल्या हाताशी नव्हता. होतं ते सार्वजनिक उपद्रवाचं जुनं कलम, ज्याखाली लोक शेजाऱ्याच्या उकिरड्याविरुद्ध अर्ज करत. आपण ती बाटली घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे गेलो, तर ते म्हणाले, ती आधी खाली ठेवा, कागदांवर सांडेल. तू हे जन्मभर विसरला नाहीस. कुणीही तुला कायद्याबद्दल काही सांगू लागलं की तू म्हणायचास, बाटली खाली ठेवा.

विहिरीचं काही झालं नाही. पण त्यातून आपली समिती उभी राहिली. तुझ्या कॉलेजातले दोघं-तिघं मास्तर, मी, आणि नदीकाठच्या गावांतली काही माणसं. नोंदणी करायची की नाही यावरच आपण एक उन्हाळा भांडलो. पुढे पाण्याचा कायदा आला, प्रदूषणाचं बोर्ड आलं, तेव्हा मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो होतो. तू पेढा हातात धरून सगळा कायदा वाचलास आणि मग तो पेढा परत पुड्यात ठेवलास. फिर्याद करण्याचा अधिकार बोर्डाचा होता. नागरिकाचा नव्हता, समितीचाही नव्हता.

"म्हणजे नदी आमची अन् फिर्याद त्यायची?" तू म्हणालास. "अन् आमी काय करायचं गा, काठावर बसून वास घ्यायचा?"

त्या एका प्रश्नावर आपण पुढची सगळी वर्षं काढली. मी म्हणायचो, कायदा हळूहळू वाकवायचा असतो. तू म्हणायचास, नदी तोपर्यंत थांबून राहिली काय? हा वाद आपला पुरा झाला नाही. आता तो मी एकटाच दोन्ही बाजूंनी चालवतो, आणि सांगायला लाज वाटते, तुझी बाजू मांडताना माझा आवाज चढतो.

कन्हानच्या काठचा तो पुठ्ठ्याचा कारखाना. त्याचं काळं पाणी नाल्यातून नदीत यायचं, वर साबणासारखा फेस. उन्हाळ्यात मासोळ्या उलट्या होऊन काठाला लागायच्या. किसन तेव्हा आपल्यात आला. मासोळ्या धरणारा ढिवर माणूस, आपल्याच वयाचा. त्याचा डोंगा होता, आणि नाल्याचं तोंड गाठायला डोंग्याशिवाय वाट नव्हती, कारण जमिनीकडून कारखान्याचं कुंपण होतं. तू त्याला वेळी-अवेळी त्या फेसात डोंगा घालायला लावायचास. त्याच्या पायांना खाज सुटून जखमा झाल्या तरी त्यानं नाही म्हटलं नाही. तू त्याचे कधी आभार मानल्याचं मला आठवत नाही. तू मानायचाच नाहीस कुणाचे.

पुन्हा तेच उपद्रवाचं जुनं कलम काढून आपण एसडीओसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. ते भले गृहस्थ निघाले. तुझ्या बाटल्यांना पुरावा म्हणता येणार नाही, पण बोर्डाचा अधिकारी स्वतः येऊन नाल्याच्या तोंडाशी नमुना घेईल, असा त्यांनी आदेश दिला. दिवस कारखान्याला कळवायचा नाही, असं ठरलं. तो दिवस ठाऊक होता फक्त अधिकाऱ्याला, तुला, मला, आणि डोंगा तयार ठेवायचा म्हणून किसनला.

दोन दिवस आधी संध्याकाळी तू माझ्या माडीवर आलास आणि आपलं जोराचं भांडण झालं. मी म्हणत होतो, कारखान्याचा माणूस हजर असायला हवा, नाहीतर वर अपिलात म्हणतील की नमुना आमच्या पाठीमागे घेतला. तू कायदा काढून माझ्यापुढे धरलास. त्यात स्पष्ट होतं, नमुना घेताना तिथल्या तिथे नोटीस द्यायची. आधी नाही, तिथल्या तिथे. तू बरोबर होतास. रसायनवाल्यानं मला माझंच पुस्तक वाचून दाखवावं हे मला झोंबलं. वर तू जाता जाता दारातून म्हणालास,

"तू वकील कोणाचा होय गा? आमचा, का तुह्या बाररूमचा?"

आता बाररूमचं सांगतो, कारण शोकसभेतल्या त्या पोराला ते कळणार नाही. आम्हा वकिलांत एक रीत होती. न्यायाधीशापुढे गळा धरायचा, पण खाली चहाच्या टेबलावर समोरच्याला अंधारात ठेवायचं नाही. तारीख मागायची असो, स्थगितीचा अर्ज असो, आधी जाऊन कानावर घालायचं. ही रीत मला माझ्या सीनियरनी शिकवली होती. त्यांच्या हाताखाली मी उभं राहायला शिकलो. आणि कारखान्याचे वकील तेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाररूममध्ये त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, सर, उद्या सकाळी नमुना घेणार आहेत, तुमचा एक जबाबदार माणूस नाल्यावर हजर ठेवा, नंतर गैरहजेरीचा मुद्दा नको. त्यांनी मान वर केली, अडकित्ता माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." बस, एवढंच. मी सुपारी कातरली. मला फार बरं वाटलं. आपण किती सभ्य वकील आहोत असं वाटलं.

मी सांगितलं, दामोदर. मी. किसन नाही.

यावर मी स्वतःशी पुष्कळ वकिली केली आहे. पुरावा टिकावा म्हणून सांगितलं, असं म्हणून पाहिलं. कायद्यात 'तिथल्या तिथे' होतं हे आदल्याच संध्याकाळी तू वाचून दाखवलं होतंस, तेव्हा ते टिकत नाही. एवढा मोठा कारखाना एका दिवसात पाणी थोडंच लपवणार, असंही म्हणून पाहिलं. नाल्याच्या वरची झडप पाडायला किती वेळ लागतो हे न कळण्याइतका मी बाळ नव्हतो. खरं कारण लहान आहे आणि घाण आहे. मी तुझ्या मागे मागे पळणारा माणूस नाही, हे मला त्या टेबलावर दाखवायचं होतं. माझ्या लोकांत.

ती सकाळ तुला सांगायला नको. थंडी होती. किसननं आपल्याला आणि बोर्डाच्या अधिकाऱ्याला डोंग्यातून नाल्याच्या तोंडाशी नेलं आणि नाला स्वच्छ वाहत होता. तळाचे गोटे दिसत होते. तू पाण्यात हात घातलास आणि बोटं नाकाशी नेलीस. मग तू वर पाहिलंस. काठावर बाभळीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. कारखान्याचा मॅनेजर स्वेटर घालून उभा होता, शेजारी चहाचा थर्मास आणि बशीत बिस्किटं.

"खुर्च्या कोणी मांडाले सांगतल्या?" तू हळूच म्हणालास.

मी त्या खुर्च्यांकडे पाहिलं. माणूस हजर ठेवा म्हटलं होतं, त्यांनी खुर्च्याही ठेवल्या. अधिकाऱ्यानं बाटल्या भरल्या, लाखेनं मोहरबंद केल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. इतका निर्दोष नमुना आपल्या समितीच्या आयुष्यात कधी घेतला गेला नव्हता. माझ्या आवडीप्रमाणे सगळं झालं होतं.

अर्ज फेटाळला गेला. आदेशात आपल्याला उपद्व्यापी म्हटलं. तुझ्या कॉलेजनं तुझ्याकडे खुलासा मागितला, की सरकारी अनुदानावरचा मास्तर असले खोटे अर्ज का करतो. अर्ज मी लिहिला होता, एक-एक शब्द. तू खुलाशात लिहिलंस की तो तूच लिहिला आणि वकिलानं फक्त सही केली. मला विचारलंही नाहीस. पुढे तुझी बढती अडली, आणि त्याबद्दल एकदाही मला टोमणा मारला नाहीस. तू, जो मिठाच्या एका खड्यावरून टोमणे मारायचास. तुझा राग येण्याची माझ्याकडे खूप कारणं आहेत, दामोदर, पण त्या सगळ्यांमध्ये हे आडवं येतं.

आणि मग समितीची ती बैठक. किसनचा जावई कारखान्याच्या गेटवर नोकरीला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू सगळ्यांसमोर त्याला विचारलंस,

"किसन, तुह्या जावयानं तुले काही विचारलं होतं काय?"

किसनला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो म्हणाला, "जावयाची अन् माही बोलचाल बंद आहे, सर. पोरीच्या लग्नापासून."

"मंग त्यायले सपनात दिसलं?"

कुणीतरी हसलं. किसननं माझ्याकडे पाहिलं, कारण बैठकीत कायद्याचं काही आलं की सगळे माझ्याकडेच पाहत. मी कागदांची दोरी बांधत होतो. ती बांधून झाली होती, तरी मी बांधत होतो. किसन उठला, दाराशी चपला घातल्या आणि गेला. पुढे त्यानं डोंगा विकला आणि कुहीकडे मेहुण्याच्या गावी तलावावर मासोळ्या धरायला निघून गेला.

इथं माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि तू मेलास म्हणून मी ते सोडणार नाही. तू पुराव्याचा माणूस. दोनदा तपासल्याशिवाय पाण्याला खारट म्हणायचा नाहीस. मग एका माणसाला फितूर म्हणताना तुला काहीच का लागलं नाही? काहून, दामोदर? जावई गेटवर आहे, एवढ्यावर? नमुन्याच्या त्या सकाळी, बाररूमवरून मला टोमणा मारून तुला दोन दिवसही झाले नव्हते. तरी संशय माझ्याकडे का वळला नाही? शिकलेला माणूस फुटणार नाही, विकला जाणार नाही, सांगणार नाही, असं तुलाही वाटत होतं? तुलासुद्धा? तुझ्या आयुष्यातला सगळा राग याच समजुतीवर होता, आणि ऐन वेळी तू तीच समजूत वापरलीस. हे मी तुला तोंडावर ऐकवायला हवं होतं. पण ऐकवायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

त्यानंतरचं याहून वाईट आहे. भोपाळनंतर सगळीकडून मागणी उठली की नागरिकाला आणि संस्थांना सरळ कोर्टात जाता यायला हवं. देशभरातल्या संस्थांनी दिल्लीला निवेदनं पाठवली, आपणही पाठवलं. मसुदा माझा. त्यात मी एक परिच्छेद घातला: तपासणी केवळ सरकारी यंत्रणेच्या हाती राहिली की तिची खबर कारखान्यापर्यंत पोचते, आमचा अनुभव पाहा. त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याचं नाव न घेता त्याच्यावरही शिंतोडे उडवले. माझंच पाप मी दाखला म्हणून जोडलं. तू तो कागद वाचून म्हणालास की आयुष्यात पहिल्यांदा मी वकिलासारखं नाही, माणसासारखं लिहिलं. तुझ्या तोंडून मला मिळालेली एवढीच शाबासकी.

कायदा बदलला. आपल्या निवेदनानं बदलला असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही; शेकडो लोकांनी रेटला तेव्हा तो हलला. बदल चांगलाच आहे. आता तुझ्यासारखा कुणीही फिर्याद करू शकतो, फक्त दोन महिने आधी बोर्डाला कळवायचं. मी ती बातमी घेऊन आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. वाचलंस आणि खोकला येईपर्यंत हसलास.

"दोन महिने आधी सांगायचं, आँ? आपला किसन तर एकच दिवस आधी सांगून मोकळा झाला. कायद्याच्या पुढं होता बुवा."

मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

किसन मला मधे एकदा बसस्टँडवर भेटला होता, हे तुला कधी बोललो नाही. केस पिकले होते. त्यानंच मला ओळखलं आणि तब्येत विचारली. मग म्हणाला, "वकीलसाहेब, तुमाले तरी वाटते काय जी, मी सांगतलं मनून?"

मी म्हणालो, नाही.

त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळावंसं वाटलं. "मंग सरले एकडाव सांगून द्या ना जी," तो म्हणाला. "तुमचं आयकतेत ते." मी बरं म्हणालो. त्यानं माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवून दिली.

आता शेवटची भेट. तुझा आवाज पार बसला होता. मी ठरवून आलो होतो, जिन्यात वाक्यही जुळवलं होतं. तू माझा हात धरलास. तू कधी धरायचा नाहीस. म्हणालास, "एकच गोष्ट खाते मले. किसनले मी चारचौघांत बोललो. खरं असलं तरी बोलाले नव्हतं पायजे."

खरं असलं तरी. तू दार उघडून धरलं होतंस, दामोदर. इतका सोपा प्रश्न मला कुठल्या न्यायाधीशानं कधी टाकला नव्हता. आणि मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, आता जुनं कशाला काढतोस, आराम कर. तुझ्या उशाशी तुझ्या सुनेनं मला चहा आणून ठेवला होता. तो अर्धा तसाच सोडून मी उठलो.

कुहीला मी जाणार आहे. तिथं माझी वकिली चालणार नाही, आणि किसननं मला दारातून परत पाठवलं तर तो त्याचा हक्क आहे. हे पत्र मी छापायला देणार आहे; ते छापून येईल तेव्हा शोकसभेत हळहळलेले लोक तुझी कीव करतील आणि मला शिव्या देतील. देऊ देत. तुझ्याकडून मात्र आता काहीच येणार नाही, टोमणाही नाही, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तू मला नेहमी चिडवायचास, की गांधीबागेत जन्मलास अन् कोर्टातल्यासारखा काहून बोलून राहिला. जिन्यात जुळवलेलं वाक्यही तसंच होतं, कोर्टातलं. त्यात 'खेद' होता, 'परिस्थिती' होती, आणि नाल्यापेक्षा ते लांब होतं. जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं.

किसननं नाही सांगतलं, दामोदर. म्या सांगतलं. मले माफ कर गा.